जमिनीतली ऊब : सौद्यापूर्वीचा हिशोब

कोकणातील कितीतरी मुस्लिम घराण्यांची एखादी शाखा आज ब्रिटनमध्ये नांदते आहे. तिथल्या आपल्या माणसांच्या घरखर्चात एक रक्कम अशी असते की तिचा अंदाज इथे बसून येत नाही. ती म्हणजे घर गरम ठेवण्याचा खर्च. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा चालतो, तशी तिकडे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घराघरांत ऊब चालवावी लागते. घरात वृद्ध आई-वडील किंवा तान्हे मूल असेल तर तिथे कंजुषीही करता येत नाही. थंड, ओलसर घर माणसाला आजारी पाडते.

आजवर हे काम बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर करीत आला आहे. गेली काही वर्षे तिथले सरकार लोकांना सांगते आहे की बॉयलर काढा आणि ‘हीट पंप’ बसवा, आम्ही मदत देतो. या पंपाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक हवेतून उष्णता घेणारा, दुसरा जमिनीतून घेणारा. जमिनीचा पंप महाग, टिकाऊ आणि सर्वात कमी वीज खाणारा मानला जातो. तो घरी बसवणे म्हणजे एका कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक अंगणात पुरणे होय. म्हणून एखाद्या व्यापाऱ्याने मालाची पारख करावी, तशी या पंपाची पारख करण्याचा इरादा आहे.

माल काय आहे?

प्रथम हे यंत्र करते काय ते समजून घेऊ. घरातल्या फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावला तर तो भाग गरम लागतो. ही गरमी फ्रिजच्या आतली आहे. आतल्या भाजीतून, दुधातून ती ओढून बाहेर टाकली जाते. जमिनीचा पंप हेच काम करतो. फरक इतकाच की फ्रिजच्या पेटीच्या जागी घराखालची जमीन असते आणि मागच्या गरम जाळीच्या जागी घरातले रेडिएटर असतात.

थंड मुलुखाच्या जमिनीत कसली उष्णता, असा सवाल कोणीही करील. जमीन ही मोठी सबुरीची वस्तू आहे. वरची हवा हिवाळ्यात शून्याखाली जाते आणि उन्हाळ्यात तीसपर्यंत चढते, पण दहा-पंधरा मीटर खाली गेले की ब्रिटनमध्ये बाराही महिने साधारण १० ते १२ अंश तापमान राहते. आपल्याला ते थंड वाटेल, पण पंपाच्या आतला वायू शून्याच्याही खाली उकळणारा असतो. त्याला १० अंशांची जमीन म्हणजे चुलाच. जमिनीत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून, न गोठणारे द्रव्य मिसळलेले पाणी फिरत राहते आणि तीन-चार अंशांनी गरम होऊन वर येते. त्या गरमीने यंत्रातल्या द्रवाची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्याने ती तापते आणि आपली उष्णता घरातल्या पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. हे चक्र अखंड चालते.

विजेचा खर्च होतो तो मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पाणी फिरवण्यासाठी. म्हणून एक युनिट वीज घालून घरात साडेतीन-चार युनिट उष्णता मिळते. यात जादू नाही. एक युनिट आपण विकत घेतले, बाकीचे जमिनीने फुकट दिले.

हा शोध कालपरवाचा नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये या पद्धतीचा विचार मांडला. ऑस्ट्रियातील एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५६-५७ मध्ये तो प्रत्यक्षात आणला. जमिनीतून उष्णता घेण्याच्या कल्पनेचे पेटंट हाइनरिश झोएली यांनी १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये घेतले. ब्रिटनमध्ये जॉन समनर यांनी १९४५ च्या सुमारास नॉर्विच शहरातली एक इमारत नदीच्या पाण्यातल्या उष्णतेने गरम करून दाखवली. पुढे गॅस आणि तेल स्वस्त झाले आणि ब्रिटन हा शोध विसरला. स्वीडनसारख्या देशाने १९७० च्या दशकातल्या तेलाच्या महागाईनंतर तो उचलला आणि आज तिथे लाखो घरे जमिनीच्या उबेवर चालतात.

चर की बोअर?

जमिनीत नळी पुरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. मोठी मोकळी जागा असेल तर एक ते दोन मीटर खोल चर खणून त्यात नळीची वेटोळी पसरतात. हे काम तुलनेने स्वस्त पडते, पण त्यासाठी घराच्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट जमीन लागते. शेतावरच्या घराला ते जमते, शहरातल्या घराला नाही.

दुसरी तऱ्हा बोअरची. पाण्यासाठी आपण बोअर मारतो तशीच, साधारण ७० ते १५० मीटर खोल. त्यात इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळवलेली नळी सोडतात आणि भोवतालची पोकळी बेंटोनाइट मातीच्या लगद्याने गच्च भरतात. पोकळी राहिली तर जमिनीची उष्णता नळीपर्यंत नीट पोचत नाही. एकाहून अधिक बोअर असतील तर त्यांत पाच-सहा मीटर अंतर हवे, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या तोंडचा घास काढतात.

बोअरचे यंत्र एक-दोन दिवसांत एक भोक पाडते, पण त्या काळात अंगणाचा चिखल होतो. यंत्र आत यायला वाट हवी. लँकेशायर आणि यॉर्कशायरमधल्या गिरण्यांच्या शहरांत, जिथे हिंदुस्तान-पाकिस्तानातून गेलेले मुस्लिम कामगार १९६० च्या दशकात मोठ्या संख्येने वसले, तिथे भिंतीला भिंत लागून घरांच्या रांगा आहेत. मागे लहानशी फरसबंद जागा आणि तिथे जायला बोळ. तिथे बोअरचे यंत्र शिरणे मुश्किल. शिवाय यातली पुष्कळ शहरे कोळशाच्या जुन्या खाणींवर उभी आहेत. जुन्या चिंध्यांपासून लोकरीचे ‘शॉडी’ कापड बनवण्याच्या धंद्यामुळे आपल्या कापडवाल्यांना ठाऊक असलेले बॅटली हे त्यांपैकीच एक. अशा भागात खाण खात्याच्या परवानगीशिवाय जमिनीत खोल भोक पाडता येत नाही.

यावर एक तोड निघाली आहे. कॉर्नवॉल परगण्यातील स्टिथियन्स गावी रस्त्याखाली बोअर मारून त्यांच्या नळ्या घरोघर नेण्यात आल्या. नळाचे पाणी जसे सर्वांना एका लाइनीतून मिळते, तशी जमिनीची ऊब सामाईक आणि पंप ज्याचा त्याच्या घरात. मोहल्ल्यातली दहा-वीस घरे एकत्र आली तर रांगेतल्या घरांनाही हा मार्ग खुला होतो. एकट्याच्या बसची ही गोष्ट नाही.

आधी घराचे माप

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावीत नाही. या धंद्यातले माप म्हणजे घराची ‘उष्णता-गळती’. बाहेर उणे दोन अंश थंडी असताना घरात २० अंश ठेवायचे तर दर क्षणी किती उष्णता भिंती, छप्पर, खिडक्या आणि फटींतून बाहेर जाते, याचा खोलीवार हिशोब. तो नियमाप्रमाणे करणे ठेकेदाराला बंधनकारक आहे. जो ठेकेदार नुसते घराचे क्षेत्रफळ विचारून पंपाचा आकार सांगतो, त्याच्याशी सौदा करू नये.

हे माप इतके महत्त्वाचे का, ते एका उदाहरणाने पाहू. तीन बेडरूमच्या एका घराची गळती सात किलोवॅट निघाली असे धरू. पंपाची क्षमता साडेतीन पट असेल तर त्यातले पाच किलोवॅट जमिनीतून यावे लागतील. एक मीटर बोअरमधून साधारण ४० वॅट मिळतात असे धरले (खडक-मातीप्रमाणे हा आकडा २० ते ५० असतो) तर १२५ मीटर बोअर लागेल. आता त्याच घराच्या माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचे लोकरी थर अंथरले, दुपदरी भिंतीची पोकळी भरली, दारांच्या फटी बुजवल्या आणि गळती पाच किलोवॅटवर आणली. आता बोअर सुमारे ९० मीटर पुरते. म्हणजे ३५ मीटर खोदाई वाचली, पंप लहान लागला आणि दर वर्षाचे बिलही कमी झाले. घराची भोके बुजवणे हे जमिनीत भोक पाडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

उलट माप चुकले आणि बोअर कमी खोल मारली तर काय होते? पहिला हिवाळा ठीक जातो. पण जमिनीतून रोज जितकी उष्णता काढली जाते तितकी परत भरून येत नाही. नळीभोवतीची जमीन वर्षागणिक गारठत जाते. पंपाची ताकद घटते आणि मदतीला ठेवलेली विजेची शेगडी मुकाट्याने सुरू होते. घर गरम राहते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो बिल आल्यावर. आणि जमिनीत गाडलेला माल दुकानात परत देता येत नाही.

माप जास्त धरणेही नुकसानीचेच. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलला १९५१ मध्ये थेम्स नदीतून उष्णता घेणारा पंप बसवला होता. तो गरजेपेक्षा मोठा निघाला. मोठ्या सरकारी कामात हे घडू शकते, तर घरगुती कामात का घडणार नाही?

दुसरे माप रेडिएटरचे. गॅसचा बॉयलर ६०-७० अंशांचे पाणी फिरवतो, म्हणून लहान रेडिएटरही खोली तापवतो. पंपाला ३५ ते ४५ अंशांचे पाणी मानवते. ३५ अंशांच्या पाण्याला चांगला पंप एका युनिटमागे चारच्या वर देतो. ५५ अंशांचे मागितले तर तोच पंप तीनच्या आसपास येतो. तेव्हा जुने लहान रेडिएटर काढून मोठे लावणे किंवा फरशीखाली नळ्या पसरणे हा खर्च टाळू नये. पंप उत्तम आणि रेडिएटर जुनेच, हा सौदा रेशमी शेरवानीला गोणपाटाचे अस्तर लावण्यासारखा आहे.

खिशाचा हिशोब

खर्चाचे आकडे जागेप्रमाणे बदलतात. चर खणण्यासारखी जमीन असेल तर ब्रिटनमध्ये सर्व मिळून वीस-पंचवीस हजार पौंडांपासून पुढे आणि बोअर मारावी लागली तर त्याहून बरेच वर रक्कम जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली सुरू झालेल्या बॉयलर अपग्रेड योजनेत २३ ऑक्टोबर २०२३ पासून साडेसात हजार पौंडांची मदत ठरली. ही रक्कम घरमालकाच्या हातात येत नाही. प्रमाणपत्र असलेला ठेकेदार ती सरकारकडून घेतो आणि बिलातून वजा करतो. तेव्हा ‘आधी पूर्ण रक्कम द्या, मदत मागाहून मिळेल’ असे कोणी म्हणाला तर सावध व्हावे. विक्रीकरही एप्रिल २०२२ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत या कामावर शून्य ठेवला आहे.

उरलेल्या रकमेसाठी अनेक कंपन्या हप्त्यांची सोय देतात, पण त्यात बहुधा व्याज असते. आपल्या बांधवांना हा प्रश्न टाळता येत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे साडेसात हजार पौंड अनुदान आणि त्यावर साडेसात हजारांपर्यंत बिनव्याजी कर्ज अशी सोय होती. तिथे राहणाऱ्यांनी अर्ज करण्याआधी चालू नियम विचारून घ्यावेत.

आता वर्षाच्या बिलाकडे वळू. एका घराला ऊब आणि गरम पाणी मिळून वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते असे धरू. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीत ब्रिटनमध्ये नियामकाने ठरवलेला कमाल दर वीज युनिटला २६.३५ पेन्स आणि गॅस युनिटला ६.२९ पेन्स होता. त्यावरून हिशोब असा मांडता येतो :

गॅसचा बॉयलर, नव्वद टक्के कार्यक्षम : सुमारे ८३९ पौंड. गॅस मीटरचा स्थिर आकार (दिवसाला सुमारे ३४ पेन्स) धरून ९६३ पौंड.

जमिनीचा पंप, साडेतीन पट देणारा : सुमारे ९०३ पौंड.

तोच पंप, चार पट देणारा : सुमारे ७९० पौंड.

तोच पंप, चुकीच्या मापाने बसवलेला, २.८ पट देणारा : सुमारे १,१३० पौंड.

साधी विजेची शेगडी : सुमारे ३,१६२ पौंड.

या पाच ओळींत सारे सार आले आहे. ज्याच्या घरी गॅसची लाइन आहे, त्याने स्वयंपाकही विजेवर नेऊन गॅसचा मीटर काढून टाकला तरी साडेतीन पटीच्या पंपाने वर्षाला ६० पौंड वाचतात. गॅस मीटर ठेवला तर उलट थोडा खिशातून जातो. मदत वजा जाता वीस हजार पौंड घातले असतील तर ते या बचतीतून फिटायला तीन पिढ्याही पुरणार नाहीत. याचे कारण पंप वाईट आहे हे नव्हे. तिथे वीज गॅसच्या चौपट महाग आहे आणि पंप साडेतीन-चार पटच देतो. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी राहतात.

पण ज्याच्या गावात गॅसची लाइन नाही आणि घर विजेच्या शेगड्यांवर चालते, त्याचे वर्षाला सुमारे २,२५० पौंड वाचतात. त्याची वीस हजारांची रक्कम नऊ वर्षांत वसूल होते. यंत्र वीस-पंचवीस वर्षे आणि जमिनीतली नळी पन्नासहून अधिक वर्षे चालते असा अंदाज असतो. त्याच्यासाठी हा पक्का फायद्याचा सौदा आहे. तेलाची टाकी भरणारे मधल्या जागी येतात, त्यांनी आपल्या तेलाच्या भावावरून हिशोब करावा.

म्हणून ‘पंप बसवल्याने किती वाचते?’ या सवालाला एक उत्तर नाही. आज तुम्ही काय जाळता आणि घर किती गळते, यावर ते ठरते.

पैशाच्या पलीकडचा एक फायदाही खरा आहे. त्या घरात गॅस जाळला तर वर्षाला सुमारे अडीच टन कार्बन वायू हवेत जातो. पंपाने हेच प्रमाण सहाशे-सातशे किलोवर येते, कारण ब्रिटनच्या विजेतून कोळसा गेला आहे. तिथले शेवटचे कोळशाचे वीजघर ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. ज्याला हा फायदा हवा आहे त्याने तो जाणूनबुजून विकत घ्यावा. तो बिलात दिसेल अशी आशा मात्र बाळगू नये. ज्यांची जागा लहान आणि बजेट बेताचे आहे, त्यांनी हवेच्या पंपाचाही भाव घ्यावा. तो जमिनीच्या पंपाच्या निम्म्याच्या आसपास पडतो आणि सरकारी मदत घेणारे बहुसंख्य लोक तोच बसवतात.

आपल्या कारागिरांसाठी

महाराष्ट्रात हा पंप घर तापवण्यासाठी बसवण्याची गरज नाही. मुंबईच्या जमिनीचे तापमानच २७ अंशांच्या आसपास आहे. पण आपल्या कारागीर बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्रिज-एसीचे काम जाणणारा मेकॅनिक, नळकाम करणारा प्लंबर आणि बोअर मारणारा, हे तिघे मिळून या पंपाचे निम्मे काम आधीच जाणतात. आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांनी नुसत्या एसी दुरुस्तीवर न थांबता पाण्याच्या नळ्यांचा दाब, प्रवाह आणि उष्णता-गळतीचा हिशोब शिकून घेतला तर थंड मुलुखांतही त्यांच्या हाताला किंमत येईल. रंगाई आणि प्रोसेसिंगच्या कारखान्यांत पाणी गरम करण्यासाठी याच तत्त्वावरचे पंप वापरता येतात, हेही कापडाच्या धंद्यातल्या बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बयाणा देण्याआधी

ज्यांचे नातेवाईक हे काम करण्याच्या विचारात आहेत, त्यांना पुढील गोष्टी कळवाव्यात :

१) खोलीवार उष्णता-गळतीचा लेखी हिशोब मागा. तो मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.

२) आधी माळा, भिंती आणि फटींचे काम करा, मगच पंपाचे माप घ्या.

३) बोअर किती मीटर आणि कोणत्या आधारावर, हे लिहून घ्या. दोन ठेकेदारांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर त्याचे कारण दोघांनाही विचारा.

४) किती अंशांच्या पाण्यावर घर गरम होईल आणि वर्षभराची सरासरी किती पट मिळेल, हा आकडा करारात येऊ द्या.

५) खाणीचा भाग आहे का, परवानगी कोण काढणार आणि चिखल-माती कोण उचलणार, हे आधी ठरवा.

६) काम संपल्यावर नळ्यांच्या दाबाच्या चाचणीचा दाखला, यंत्राचे प्रमाणपत्र आणि जमिनीतल्या नळ्यांचा नकाशा घ्या. दहा वर्षांनी कोणी अंगणात खोली बांधायला काढली तर हा नकाशाच नळी वाचवील.

७) पंपाला विजेचा वेगळा मीटर लावा. पहिल्या दोन हिवाळ्यांचे आकडे वहीत मांडा. दुसऱ्या हिवाळ्यात थंडी तेवढीच असून वीज जास्त लागली तर ठेकेदाराला लगेच बोलवा.

रोजच्या व्यापारात आपण दहा रुपयांच्या मालालाही उजेडात धरून पाहतो. आयुष्याची शिल्लक मातीत उतरवण्याआधी हे सात सवाल विचारायला कोणी लाजू नये. खरा कारागीर अशा सवालांनी नाराज होत नाही. तो स्वतःच माप घेण्याची टेप काढून पुढे येतो.